तारेणच्या राऊत मॅडम

राऊत मॅडमची आणि माझी ओळख एका चंद्रावरून झाली.

२०१४ साली मी तलासरीच्या एका सरकारी दवाखान्यात क्लार्क म्हणून रुजू झाले. राहायला डहाणूत. सकाळची एसटी डहाणूहून निघायची, किनाऱ्याकिनाऱ्याने चिखले, घोलवड, बोर्डी, झाई करत मग आत वळायची आणि तलासरीला पोचायची. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी चिखल्याच्या थांब्यावर एक उंच, सडपातळ बाई चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. वय चाळिशीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, गळ्यात मंगळसूत्राऐवजी काळ्या दोऱ्यात ओवलेली घराची किल्ली. त्यांनी पर्समधून एक जुना छापील फॉर्म काढला, तो उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर भराभर गणित मांडायला लागल्या. बस खड्ड्यातून गेली की पेन वर उचलायच्या, खड्डा संपला की पुन्हा टेकवायच्या.

बोर्डीच्या पुढे त्यांनी मान वर केली. "तुझ्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे का गं?"

मी मोबाइल दिला. "कसला हिशेब आहे मॅडम?"

"एक चंद्र वितळवायचाय," त्या म्हणाल्या. "बर्फाचा असता तर सोपं होतं. हा दगडी आहे."

मी खिडकीकडे सरकले. दवाखान्यात उतरल्यावर कळलं की या आमच्याच लॅब टेक्निशियन, सुलभा राऊत. मलेरिया, टीबी, रक्तगट, सगळं त्यांच्या हातून जायचं. त्यांच्या रिपोर्टवर डॉक्टर डोळे मिटून सही करायचे.

चंद्राचं प्रकरण हळूहळू उलगडलं. तारेण नावाचं एक काल्पनिक विश्व होतं. एका परदेशी लेखकाने त्यावर इंग्रजीत वीस-बावीस कादंबऱ्या लिहिल्या होत्या, त्यावरून टीव्ही मालिका निघाली होती, चित्रकथा निघाल्या होत्या. त्यात वेह्रा नावाची एक कप्तान होती, जिच्या जहाजाला कुठलंही शस्त्र भेदू शकणार नाही असं कवच होतं. आणि ओम्ब नावाचं एक अवाढव्य काहीतरी होतं, जे तारे गिळायचं. आता ओम्बने वेह्राचं जहाज गिळलं तर काय होईल? पुस्तकात ती लढत कधी झालीच नव्हती. म्हणून जगभरची हजारो माणसं इंटरनेटवरच्या एका फोरमवर बसून त्या लढतीवरून वर्षानुवर्षं भांडत होती. कोणाची ताकद किती, त्या ताकदीने एखादा चंद्र वितळेल का, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर तसं लिहिलंय, ते पुस्तक खरं मानायचं की नाही. आणि या भांडणांचा निकाल देणारी जी चार-पाच माणसं फोरमने नेमली होती, त्यांच्यातल्या सगळ्यात कडक माणसाचं नाव होतं ‘ड्राय स्लाइड’. तो ड्राय स्लाइड म्हणजे आमच्या राऊत मॅडम.

"त्यांना माहितीय तुम्ही बाई आहात ते?" मी विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

"आणि तलासरीच्या आहात ते?"

"एकाला वाटतं मी स्कॉटलंडचा आहे. तिकडे पाऊस फार पडतो म्हणे. मी एकदा पावसाबद्दल लिहिलं होतं."

त्यांची कामाची खोली मागच्या बाजूला होती. एक खिडकी, तिला जाड गज, बाहेर पाण्याची टाकी. टाकीच्या पायरीवर उभं राहिलं तरच मोबाइलला नेटवर्क यायचं, तेही बऱ्याचदा गुजरातच्या टॉवरचं. जेवणाच्या सुट्टीत मॅडम डबा पायरीवर ठेवून उभ्या उभ्या जेवायच्या आणि डाव्या अंगठ्याने निकाल लिहायच्या. बरोबर वीस मिनिटं. मग पुन्हा गजांच्या आत.

त्यांचा एक लाडका प्रश्न होता: "कुठे लिहिलंय?" तो त्या सगळ्यांना विचारायच्या. शिपायाने सांगितलं उद्या सुट्टी आहे, तर "कुठे लिहिलंय?" कंडक्टर म्हणाला बस बोर्डीपर्यंतच जाणार, तर "कुठे लिहिलंय?" जगातल्या सगळ्या माहितीचे त्यांनी तीन ढीग केले होते: छापील, सांगीव आणि ऐकीव. छापील म्हणजे अधिकृत पुस्तकांतलं, ते खरं धरायचं. सांगीव म्हणजे लेखकाने मुलाखतीत वगैरे सांगितलेलं, ते छापीलच्या आड येत नसेल तरच घ्यायचं. ऐकीव घ्यायचंच नाही. फोरमवर याच नियमाने त्यांनी मोठमोठ्या पंडितांची तोंडं बंद केली होती.

आमचे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर धोडीमामा एकदा टाकीपाशी बिडी ओढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, तो तुमचा ओम आमच्या डोंगरावरच्या देवीपुढं टिकंल का?"

मला वाटलं, मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मामा, दोन वेगळ्या विश्वातल्यांची लढत आम्ही लावत नाही. तसा नियम आहे."

"म्हंजे घाबरला," मामा म्हणाले.

"कोण?"

"तुमचा ओम."

मॅडमनी डबा पिशवीत ठेवला. "शक्यता नाकारता येत नाही," त्या म्हणाल्या. मामांनी ती गोष्ट पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली.

हे झालं दवाखान्यातलं. संध्याकाळी मात्र त्या वेगळ्या व्हायच्या. परतीची एसटी पाच दहाला. पाच वाजता त्यांच्या मोबाइलचा अलार्म वाजायचा. मग समोर कोणीही असो, हातमोजे काढले, साबणाने हात धुतले आणि त्या निघाल्या. वाटेत कोणी हाक मारली तर चालत चालतच उत्तर द्यायच्या. बस उशिरा आली की थांब्यावर त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या, खांबापासून टपरीपर्यंत, टपरीपासून खांबापर्यंत. गळ्यातली किल्ली मुठीत धरलेली असायची.

दीड वर्षाने त्यांनी कारण सांगितलं. तेही बस झाईजवळ पंक्चर होऊन थांबली आणि त्यांना चालायला जागा उरली नाही म्हणून.

त्यांचे मोठे भाऊ, अरविंद, मालवाहू जहाजावर अधिकारी होते. बंदरा-बंदरातून इंग्रजी पुस्तकं आणायचे. तारेणची पहिली अकरा पुस्तकं त्यांनीच आणली होती. सुट्टीवर आले की भाऊ-बहीण चिकूच्या वाडीत बसून ओम्ब आणि वेह्रावरून भांडायचे, आई जेवायला हाका मारून दमायची. मग एका प्रवासात अरविंद जहाजाच्या तळघरात पडले. पाठीचा कणा गेला. कमरेखालचं शरीर आता त्यांच्या हुकमात नव्हतं. आई-वडील तोवर गेलेले. मॅडमना तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत निवड झाल्याचं पत्र आलेलं होतं. त्यांनी ते परत पाठवलं आणि घरापासून बसने जाता येईल अशी ही तलासरीची नोकरी घेतली.

"त्याने मला जा म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ओरडून सांगितलं. मी गेले नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही."

"बोलत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे मी विचारते ‘पाणी?’ तो म्हणतो ‘हो.’ मी विचारते ‘कूस?’ तो म्हणतो ‘डावी.’ एवढंच. एकदा म्हणाला होता, तुला मी इथे डांबून ठेवलंय हे मला रोज उठून बघवत नाही. त्यावर मी तरी काय बोलणार? डांबलेली तर आहेच."

हे त्या रडत वगैरे नव्हत्या सांगत. रिपोर्ट वाचावा तसं सांगत होत्या. दिवसा शेजारच्या जयाकाकी दुसऱ्या किल्लीने येऊन-जाऊन अरविंदकडे लक्ष ठेवायच्या. सहानंतर काकींना स्वतःचं घर होतं.

"मग दिवसभर ते काय करतात?"

मॅडमनी बाहेर बघितलं. ड्रायव्हर आणि कंडक्टर चाकाशी झटत होते. "भांडतो," त्या म्हणाल्या. "माझ्याशीच."

फोरमवर ‘ओल्ड अँकर’ नावाचा एक माणूस होता. ड्राय स्लाइडचा हाडवैरी. ड्राय स्लाइड म्हणणार फक्त अधिकृत तेच खरं, तर ओल्ड अँकर म्हणणार जे जे कधी छापलं गेलं, ते सगळं खरं, जाहिरातीच्या पुस्तिकेतलं चित्रसुद्धा. दोघांच्या भांडणाचे धागे हजार-हजार पानांचे. लोक ते मालिकेसारखे वाचायचे. मॅडमनाही हा कोण आहे ते पहिल्यांदा माहीत नव्हतं. एकदा तो लिहून गेला की माझ्या प्रतीत सातव्या पुस्तकाचं पान दोनशे बारा नाही, ते वाळवीने खाल्लंय. मॅडम टाकीच्या पायरीवरच खाली बसल्या. ती वाळवी त्यांनी स्वतः झटकली होती.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाही. सांगितलं की तेही बंद होईल."

त्या दिवसापासून पाच दहाच्या बसमध्ये मी त्यांच्याकडे बघायला लागले, ते वेगळ्या नजरेने. मॅडम परतीच्या वाटेवर ओल्ड अँकरला झणझणीत उत्तर लिहायच्या, चिखल्याला उतरायच्या, वाडीतून चालत घरी जायच्या, कुलूप काढायच्या आणि विचारायच्या, "पाणी?"

२०१७ मध्ये फोरमच्या भारतीय मंडळींनी मुंबईत मेळावा ठरवला. मोठा हॉल, पोशाख, पोस्टर आणि मुख्य आकर्षण म्हणजे ड्राय स्लाइड विरुद्ध ओल्ड अँकर, समोरासमोर. दोघांनाही निमंत्रण गेलं. एव्हाना दोघंही भारतातच कुठेतरी आहेत, एवढं लोकांना कळलं होतं. मॅडमनी ते निमंत्रण मला दाखवलं. इतका खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"जा ना मॅडम," मी म्हटलं. "एका दिवसाचा प्रश्न आहे. मी येऊन बसते दादांजवळ."

"रात्री परतायला जमायचं नाही. आणि त्याला कूस बदलायला दोन माणसं लागली तर? नाही गं." मग मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "आणि मी तिथे गेले, नि तो नाही आला, तर सगळे त्याला भित्रा म्हणतील."

त्यांनी नकार कळवला: परदेश दौरा आहे. दुसऱ्या दिवशी ओल्ड अँकरचाही नकार आला: जहाजावर चाललोय, सहा महिने समुद्रात. मॅडमनी ते मला बसमध्ये वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. लोकांनी फोरमवर दोघांची यथेच्छ टिंगल केली. दोन्ही वाघ कागदी निघाले म्हणे. त्या आठवड्यात दोघांनी ओम्बच्या वजनावरून असं काही भांडण केलं की टिंगल करणारे गप्प झाले.

मग २०१८ च्या पावसाळ्यात ती बातमी आली. तारेणचे हक्क एका मोठ्या कंपनीने विकत घेतले होते. कंपनीने जाहीर केलं की आता सगळं नव्याने सुरू होईल, जुनी पुस्तकं यापुढे अधिकृत नाहीत. वीस-बावीस पुस्तकं एका पत्रकाने खोटी ठरली.

फोरमवर आकांत झाला. आणि सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो इरुनचा. इरुन हे अगदी लहान पात्र होतं, चौदाव्या पुस्तकातलं. बाहेरच्या एका चंद्रावर तो एकटा सिग्नल सांभाळायचा. त्याची जागा घ्यायला येणारं जहाज कधी येतच नाही. ओम्ब येतो तेव्हा हा एकटा माणूस त्याला अकरा दिवस थोपवून धरतो. नव्या यादीत इरुन नव्हता. ओल्ड अँकरने फोरमकडे रीतसर अर्ज केला: इरुन आहे की नाही, निकाल द्यावा. आणि निकाल कोणी द्यावा तेही लिहिलं होतं. ड्राय स्लाइडने.

मॅडमनी आठ दिवस घेतले. डबा न उघडता पायरीवर उभ्या राहायच्या.

"आहे म्हणून टाका," मी म्हटलं. "कोणाचं काय बिघडतंय?"

"इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले अधिकृत तेच खरं. आज माझ्या भावासाठी नियम वाकवू?"

"हो!"

"तो ओळखेल," त्या म्हणाल्या. "वाकवलेलं तो लगेच ओळखतो. मग त्याला कळेल की समोर लढणारं कोणी नाहीच."

त्यांनी लिहिलं: जुनी पुस्तकं रद्द, म्हणून इरुन नाही.

ओल्ड अँकरने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. घरी मोबाइल चार्जिंगला लावायला सांगणंही बंद झालं. जयाकाकी म्हणाल्या, अरविंद दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. जेवण निम्मं परत येतं. "कूस?" विचारलं तर उत्तर नाही, मग मॅडमच घड्याळ बघून बदलायच्या. दिवाळी गेली. मॅडम फोरमवर इकडचे तिकडचे निकाल देत राहिल्या. ओल्ड अँकर चवताळून उठेल असे मुद्दे मुद्दाम काढत राहिल्या. तिकडून काही नाही.

"मी बरोबर होते," त्या एकदा बसमध्ये म्हणाल्या. "बरोबर असून काय उपयोग झाला सांग."

त्याच दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या लोकांना ते दिवस सांगायला नकोत. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा गडगडाट यायचा, मग भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे. एक धक्का गेला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. पाड्यांवरची माणसं थंडीत घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपायला लागली. अफवांना ऊत आला. खाली ज्वालामुखी आहे, अमक्या वारी मोठा येणार, धरण फुटणार. दवाखान्याच्या आवारात घोळके जमायचे आणि मॅडम त्यांच्यात उभ्या राहून विचारायच्या, "कुठे लिहिलंय? कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं?" असं मागे मागे जात त्या अफवेचं मूळ शोधायच्या. ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी मेव्हण्यापाशी संपायचं. लोक हसायचे आणि थोडे सैल व्हायचे. "ऐकीव आहे," धोडीमामा जाहीर करायचे, "सोडून द्या."

पण संध्याकाळच्या बसमध्ये त्या म्हणायच्या, "सगळे घराबाहेर पळतात, वैशाली. त्याला कोण बाहेर काढणार? कौलारू घर आहे."

"सरकारी तंबू मिळतोय की."

"तो नाही म्हणतो. मान हलवतो नुसती. पडलं तर पडू दे, असं त्याच्या मनात आहे, मला दिसतं ते."

हिवाळा संपता संपता, एका दुपारी, तो मोठा धक्का आला. मी टेबलाशी होते. फायलींचं कपाट पुढे आलं आणि मागे गेलं. कोणीतरी किंचाळलं. आम्ही पेशंटना धरून मैदानात आलो. मॅडम सगळ्यांच्या मागून आल्या, कानाला मोबाइल. जयाकाकी त्या दिवशी डहाणूला साखरपुड्याला गेल्या होत्या. घरात अरविंद एकटे.

फोन लागत नव्हता. सगळा तालुका एकाच वेळी फोन करत होता. मॅडम लावत होत्या, कापत होत्या, लावत होत्या. धोडीमामांची गाडी पेशंट आणायला गेलेली. रस्त्याला बस नाही. मॅडमनी पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्या टाकीच्या पायरीवर चढल्या. आणि मग, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांच्या अंगठ्याने फोरम उघडला.

मी त्यांच्याकडेच बघत होते. त्या वाचत होत्या. वाचता वाचता पायरीवर बसल्या आणि मोबाइल माझ्याकडे दिला. ओल्ड अँकरने चार मिनिटांपूर्वी लिहिलं होतं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

"ड्राय स्लाइडसाठी. मी ठीक आहे. स्वयंपाकघराची थोडी कौलं पडली, माझ्या अंगावर काही नाही. फोन लागत नाही म्हणून इथे लिहितोय. धावपळ करून कुठल्याही ट्रकमध्ये चढू नकोस, पाच दहाचीच बस पकड. आता मुद्द्याचं. तुझा निकाल चुकलाय. नव्या यादीत इरुनचं नाव नाही, एवढंच सिद्ध होतं. तो नव्हता, हे कुठे लिहिलंय?"

खाली जगभरच्या लोकांचे प्रश्नांवर प्रश्न. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता? कुठली बस? कसली कौलं?

मॅडमनी मोबाइल परत घेतला. त्यांनी एक ओळ लिहिली: "निकाल फेरविचारासाठी घेतला आहे."

पाच दहाची त्यांनी वाट पाहिली नाही. पहिल्यांदाच त्यांनी हातमोजे तसेच टेबलावर टाकले. आम्ही दोघी एका जीपमध्ये बसून निघालो, बोर्डीला उतरून रिक्षा केली. त्यांना एकटं जाऊ द्यायचा मला धीर झाला नाही. वाटेत त्या किल्ली मुठीत धरून बसल्या. किल्ली कुलपात दोनदा चुकली.

अरविंददादांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. रुंद खांद्यांचा, पांढऱ्या दाढीचा माणूस, अंगावरच्या चादरीवर मातीचा थर, केसांत माती, मोबाइल छातीवर. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. पाणी विचारलं नाही. कूस विचारली नाही.

"कधीपासून माहितीय तुला?"

"काय?"

"दादा."

ते छताकडे बघत म्हणाले, "पहिल्या वर्षीच. माझी अंघोळ चालू असायची तेव्हा ड्राय स्लाइड कधी ऑनलाइन नसायचा. दोन महिने नोंद ठेवली. एकदाही नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू मुद्दाम हरायला लागली असतीस, सुलू. माझी कीव येऊन."

"मी एकदाही मुद्दाम हरले नाही."

"माहितीय," ते म्हणाले. "अख्ख्या घरात, अख्ख्या गावात तू एकटीच माझ्याशी नीट भांडत होतीस. बाकीचे सगळे ‘हो हो दादा’ करतात. इरुनच्या निकालाचा मला राग आला नव्हता. तू बरोबर होतीस आणि मला उत्तर सुचत नव्हतं. इतके महिने सुचत नव्हतं. आज कौलं पडली, तेव्हा वाटलं, आता इथेच जातो. आणि तेव्हा सुचलं."

मॅडम पलंगाशी गेल्या आणि पदराने त्यांच्या केसांतली माती झटकायला लागल्या. बराच वेळ झटकत होत्या, माती निघून गेल्यावरसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन कौलं गोळा करायला घेतली.

त्या संध्याकाळी शेजारच्या चौघांनी पलंग उचलून वाडीत आणला. निळी ताडपत्री बांधली. नऊ वर्षांनी अरविंददादांना आभाळ दिसलं. त्यांनी नकार दिला नाही. फक्त म्हणाले, "उजेड फार आहे."

सगळं सुटलं असं मात्र मी म्हणणार नाही. मॅडमची पाच दहाची बस तीच राहिली. दादांच्या पाठीच्या जखमा उन्हाळ्यात चिघळल्या, मॅडमनी रजा संपवल्या. पुण्याच्या त्याच संस्थेत पुन्हा जागा निघाली, कोणीतरी जाहिरातीचं कात्रण त्यांच्या टेबलावर ठेवलं. तो कागद त्यांनी उलटा केला आणि त्यावर ओम्बचं घनफळ काढलं. इरुनचा सुधारित निकाल त्यांनी लिहिला तो दोन शब्दांचा: नोंद नाही. तो आहे असंही नाही, नाही असंही नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या आल्या. घरातल्या वादीने मात्र तो मान्य केला, "तात्पुरता" असा शेरा मारून.

२०१९ च्या मे महिन्यात माझी बदली झाली. निघण्याआधी निरोप घ्यायला चिखल्याला गेले. धक्के अजून अधूनमधून येत होते, त्यामुळे पलंग वाडीतच होता. चहा झाला. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "पुण्याचं बघायचं नाही का? आता बाहेर काळजी घेणाऱ्या संस्था असतात, दोघं जाऊ शकता तुम्ही."

"तो यायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला एकटीला आता जाववणार नाही. आधी जबरदस्तीने राहिले होते, वैशाली. राग होता माझ्या मनात, त्याच्यावर, सगळ्यांवर. आता तोही राहिला नाही, मग जायला जोर कुठून आणू?" त्या हसल्या, पण फार नाही. "चल, तुझी बस चुकेल. पुढची दीड तासाने आहे."

बस आली. रस्ता त्यांच्या वाडीच्या कडेनेच जातो, कुंपण बुटकं आहे. मी खिडकीशी होते. भर दुपारचं ऊन ताडपत्रीच्या कडेने पलंगावर सरकलं होतं आणि मॅडम तो जड पलंग डोक्याच्या बाजूने धरून सावलीकडे ओढत होत्या. दोन हात ओढायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा ओढायच्या. दादा त्यावर पडल्या पडल्या हातवारे करून अखंड बोलत होते. मधेच ते असं काहीतरी बोलले असावेत की मॅडमनी पलंग सोडला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि वाकून त्यांना उत्तर द्यायला लागल्या. अर्धा पलंग सावलीत होता, अर्धा उन्हात, आणि दोघांपैकी कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.